मेणाची मान

बंगलोरच्या इस्पितळात मी नेमकं काय काम करते, हे मला माझ्या वडिलांना कधी नीट सांगता आलं नाही. ते निपाणीला तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कसले पदार्थ?" मला हसू आलं नाही, कारण मलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं. पुढे ते वखारीतल्या लोकांना सांगू लागले, "पोरगी तिकडं माणसांच्या आतले फोटो काढती." हे मात्र बरंचसं खरं होतं.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. मी यशवंतपूरला मामांकडे राहत होते आणि एका मोठ्या इस्पितळात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागले होते. आमचा विभाग नवा होता. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे दोन खोल्या. विभागाचे प्रमुख डॉक्टर म्हैसूरकडचे. ते माझ्याशी कानडीत बोलत, मधेच इंग्रजीत शिरत. माझं कानडी निपाणीचं. मी तोंड उघडलं की ते हसत, म्हणून मी बोलायचं वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाही आणि तोवर बोलायची वेळ निघून जाई. ते मला "एनम्मा" अशी हाक मारत, म्हणजे "काय गं पोरी". नावाने त्यांनी मला हाक मारल्याचं आठवत नाही.

काम असं होतं. गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिला आयोडीन लागतं, रक्तातलं आयोडीन ती ओढून घेते. तेव्हा रोग्याला किंचित किरणोत्सारी आयोडीन पाण्यातून प्यायला द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी यंत्राखाली झोपवायचं. गळ्यातून निघणारे किरण यंत्र टिपतं. यंत्राचं डोकं शेतात औत चालावं तसं गळ्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत जाई, जरासं खाली सरके आणि परत येई. किरण मिळतील तिथे एक बारीक हातोडा कागदावर टकटक खुणा उमटवी. पुरं व्हायला बराच वेळ लागे. शेवटी कागदावर फुलपाखरासारखी आकृती उभी राही. फुलपाखराच्या पंखाला कुठे भोक दिसलं, तर समजायचं की त्या जागेने आयोडीन घेतलेलं नाही. तिला आम्ही थंड जागा म्हणायचो. थंड जागा म्हणजे कर्करोगच असं नाही. पण या ग्रंथीतली कर्करोगाची गाठ बहुधा थंड असते, म्हणून सर्जन अशी जागा सहसा तशीच सोडत नसत.

आमच्याकडे एक मेणाची मान होती. मेण ओतून केलेली, आत थायरॉईडच्या आकाराची पोकळी. पोकळीत आयोडीनचं पाणी भरायचं आणि यंत्र बरोबर चित्र काढतंय का ते पाहायचं. तिला पुसून फडक्यात गुंडाळून ठेवायचं काम माझं होतं. रात्री आवरून निघताना ती शेल्फवर कुणीतरी बसल्यासारखी दिसे, हे मला आवडत नसे.

विभाग सुरू झाला तेव्हाची एक गोष्ट मला तिथे गेल्यावर ऐकायला मिळाली. एका बाईला मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितलं, तर ती टेबलावरून उतरली, चपला घातल्या आणि गेली ती परत आलीच नाही. डॉक्टरांना ते लागलं. त्यांनी घरून बायकोचं मंगळसूत्र आणलं, मेणाच्या मानेवर ठेवलं आणि चित्र काढलं. चित्रात काही फरक पडला नाही. त्या आयोडीनचे किरण इतके जोरकस होते की सोन्याच्या पातळ वाट्या त्यांना अडवू शकत नव्हत्या. तेव्हापासून नियम झाला: बायकांना गळ्यातलं काढायला लावायचं नाही. उलट त्यांनी काढायला हात नेला की आपणच नको म्हणायचं आणि वरून पदर नीट घालून द्यायचा. मला न अडखळता म्हणता आलेलं पहिलं कानडी वाक्य हेच होतं. "राहू दे अम्मा, काढायला नको." ते ऐकून बायकांचे चेहरे सैल पडत. दुसऱ्या इस्पितळांतून येणाऱ्या बायका तर म्हणायच्या, इथली माणसं बरी आहेत.

मी लागल्यानंतर काही महिन्यांनी नवं आयोडीन आलं. परदेशातून मुंबईला, तिथून विमानाने आमच्याकडे. होतं आयोडीनच, पण वेगळ्या जातीचं. त्याचे किरण फार सौम्य. जुनं आयोडीन विटेएवढ्या जाड शिशात ठेवावं लागे, याला शिशाचा पातळ पत्रा पुरे. चित्रही जास्त रेखीव येई, कडा फुटल्यासारख्या दिसत नसत. शिवाय ते ग्रंथीत बरेच दिवस टिकत असल्यामुळे पुन्हा चित्र काढायचं तर पुन्हा पाजायला नको. डॉक्टरांनी तो पत्रा दोन बोटांत धरून मला दाखवला. "एनम्मा, एवढ्याने अडतं बघ. आता तुझी पाठ दुखायची नाही." जुन्या आयोडीनची भांडी मीच उचलत असे.

हे नवं आयोडीन तपासून पाहायचं काम आमच्याकडे आलं होतं. रोगी तोच. आधी जुन्याने चित्र काढायचं, काही आठवड्यांनी नव्याने, आणि दोन्ही शेजारी ठेवायची. जुन्याला न दिसलेली गाठ नव्याला दिसते का, हा प्रश्न होता. कर्करोगाची लहान गाठ वेळेवर दिसली तर माणूस वाचतं, एवढं मलाही कळत होतं, आणि त्या दिवसांत मी कामाला निघताना मामींना मुद्दाम सांगत असे की आज आमच्याकडे तपासणी आहे.

त्या तपासणीतच अक्का आली. शिवाजीनगरच्या बाजूला राहणारी, प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई. पस्तिशीची असेल. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बंगलोरात राहिलेलं. नवरा सरकारी कारखान्यात पाळीने कामाला, म्हणून सोबत सासू आली होती. सासू विधवा, किडकिडीत, पिशवी पोटाशी धरून बसलेली. अक्काच्या गळ्याला उजवीकडे सुपारीएवढी गाठ लागत होती.

मी माझ्या कानडीत सूचना द्यायला लागले, तर ती मधेच मराठीत म्हणाली, "तू आमच्यातली का गं?"

"मी निपाणीची."

"तरीच. कानडी कशी ढेकळातनं चालल्यागत बोलत्येस. मराठीतच बोल की."

"हो अक्का," मी म्हटलं. तिथून ती माझी अक्का झाली.

आयोडीन प्यायला दिलं तेव्हा पेल्याकडे बघून ती सासूला म्हणाली, "आत्या, बघा, नुसतं पाणी. स्वल्प कडू तरी असायचं होतं. एवढं घाबरवलं आणि चव काही नाही."

"चवीला काय पायसम आहे का," आत्या म्हणाल्या. "पी गप."

जुन्या आयोडीनचं तिचं चित्र तसं ठीक आलं. पंख पुरे होते, जरा धूसर. काही आठवड्यांनी नव्याने काढलं, तर उजव्या पंखात खाली स्वच्छ भोक. अगदी जिथे हाताला गाठ लागत होती तिथे.

डॉक्टरांनी दोन्ही कागद खिडकीशी धरले. त्यांना आनंद झाला असं म्हटलं तर ते वाईट दिसेल, पण झाला होता. नव्या आयोडीनच्या चित्रांत अशी भोकं आणखी काही बायकांमध्येही निघाली होती, जी जुन्याने दाखवली नव्हती. "जुना झोपलेला होता," ते म्हणाले, "हा जागा आहे." त्यांनी त्यावर लेख लिहायला घेतला होता.

अक्काला त्यांनी समोर बसवून कानडीत सगळं सांगितलं. जागा थंड आहे, कर्करोगाचा संशय आहे, सर्जन ती बाजू काढून टाकतील. सर्जननी पुढचं सांगितलं. आवाजाची नस ग्रंथीच्या मागून जाते, सांभाळून काम करू, पण खात्री देता येत नाही. अक्काला त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं होतं, तरी बाहेर आल्यावर तिने मला भिंतीशी गाठलं.

"आता मराठीत सांग."

"मराठीतही तेच आहे, अक्का."

तिने पदर गळ्याभोवती घेतला. मग म्हणाली, "माझ्याकडे पहिली आहे. पहिलीच्या पोरांना आवाज लागतो गं. ती फळ्याकडे बघत नाहीत, आवाजाकडे बघतात. आवाज गेला तर मी काय, ओरडायचं ते लिहून दाखवू?"

मी म्हटलं, "सगळ्यांचा जात नाही."

"सरी," ती म्हणाली. म्हणजे बरं. पण ती बरं म्हणण्यासारखं म्हणाली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती वॉर्डात दाखल झाली. सर्जनना भोक नेमकं कुठे आहे ते गळ्यावर शाईने आखून हवं होतं, म्हणून सकाळी तिला पुन्हा आमच्याकडे पाठवलं. मी खांद्यांखाली उशी दिली, डोकं मागे केलं. तिचं मंगळसूत्र जुन्या पद्धतीचं होतं, आखूड, गळ्याच्या खळीशी बसणारं. सोन्याच्या तारेत गाठवलेले काळे मणी, दोन पदरी, मधे दोन वाट्या. एरवी ती निजली की वाट्या उजवीकडे घसरत. त्या दिवशी तिने त्या स्वतःच डावीकडे ओढल्या.

"उजवीकडे शाई लावणार ना? डाग पडेल," ती म्हणाली. "का काढून ठेवू?"

तिने काढून ठेवू का म्हणून विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि तेही विचारायचं म्हणून. मी सवयीने म्हटलं, "राहू दे अक्का." वरून पदर घातला आणि यंत्र सुरू केलं.

चित्र पुरं झालं तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "एनम्मा, कागद उलटा लावलास."

भोक डावीकडे होतं. उजवा पंख भरलेला.

कागद उलटा नव्हता. उजव्या खांद्याची खूण आम्ही प्रत्येक वेळी करत असू, ती जागच्या जागी होती. डॉक्टरांनी अक्काच्या गळ्याला हात लावून पाहिलं. गाठ उजवीकडेच होती. ते तिला म्हणाले की यंत्रात काही बिघाड दिसतो, बाहेर बसा. ती उठून बसली आणि म्हणाली, "यंत्र बिघडलं आहे की मी, ते आज कळलं तर बरं. उद्या सकाळी नेणार आहेत मला."

आम्ही मेणाची मान काढली, नवं आयोडीन भरलं, यंत्राखाली ठेवली. डॉक्टर खुर्ची ओढून कागदासमोर बसून राहिले. फुलपाखरू उत्तम आलं. भोक कुठेही नाही.

"यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "मेणाची मान ठीक, माणसाची बिघडते. दोन्हींत फरक काय? सांग. बी.एस्सी. आहेस ना?"

ते चिडले की असं बोलत. माझ्या मनात उत्तर होतं, पण ते उत्तर आहे की भलतंच काही, याची मला खात्री नव्हती. मी नेहमीसारखी मनात म्हणून पाहू लागले आणि या वेळी ते आधीच तोंडातून गेलं. "सर, हिच्या गळ्यात काही नाही."

"कुणाच्या?"

"मेणाच्या. हिचं लग्न झालेलं नाही."

मी ते विनोद म्हणून बोलले नव्हते. ते मोठ्याने हसले. "हो, हो, बरं स्थळ असलं तर सांग," असं काहीतरी म्हणाले आणि मधेच थांबले. टेबलावर शिशाचा तो पातळ पत्रा पडलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बोटातल्या सोन्याच्या अंगठीकडे.

अंगठी निघेना. त्यांनी हात धुवायच्या साबणाने बोट चोळलं, तेव्हा निघाली. ती त्यांनी मेणाच्या मानेवर ठेवली. यंत्र पुन्हा चाललं. कागदावर, अंगठी होती तिथे, अंगठीएवढंच कडं कोरं राहिलं.

जोरकस किरणांना सोनं अडवत नव्हतं म्हणून नियम केला होता. सौम्य किरण आले आणि नियम तसाच राहिला. पातळ पत्र्याने ते अडतात म्हणून आम्हीच खूष होतो. पत्रा शिशाचा असो की सोन्याचा, किरणांना त्याचं काही नसतं. डॉक्टरांनी सगळी चित्रं टेबलावर पसरली. नवी भोकं निघालेल्या सगळ्या लग्न झालेल्या बायका होत्या. पुरुषांत एकही नाही. थायरॉईडचे आजार बायकांना जास्त होतात, म्हणून ते कुणाला विचित्र वाटलं नव्हतं. मण्यांमुळे चित्रं जराशी विरळ येत होती, तेही आम्ही सौम्य किरणांवर ढकललं होतं. त्या बायकांना नंतर एकेक करून परत बोलावलं. बहुतेकींची भोकं गेली. एकीचं राहिलं, आणि तिची गाठ खरोखरच काढावी लागली. म्हणजे नवं आयोडीन खोटं नव्हतं. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी प्रश्न अक्काचा होता.

डॉक्टर सर्जनकडे जाऊन आले. येताना त्यांचा चेहरा उतरला होता. आम्हाला दोन चित्रं जोडून अर्थ लावता येत होता, सर्जनना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की गाठ हाताला लागते आहे. एक चित्र एक सांगतं, दुसरं दुसरं सांगतं. मला एक स्वच्छ चित्र द्या, नाहीतर मी माझ्या हातावर विश्वास ठेवतो आणि उद्या कापतो.

तेव्हा अक्काला मंगळसूत्र काढायला सांगणं आलं. डॉक्टरांनी ते काम माझ्याकडे दिलं. "तुझ्या भाषेत सांग," ते म्हणाले. मला वाटतं, ते त्या पहिल्या बाईला विसरले नव्हते.

मी तिला आणि आत्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं. जमेल तितकं सरळ सांगितलं. ती ऐकत होती तोवर तिचा हात गळ्याशी गेला होता.

"म्हणजे भोक याचं आहे? माझं नाही?"

"तसं वाटतंय. पण काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

"मागे सरकवते ना."

"दोन पदरी आहे अक्का, सोन्याच्या तारेत. कसंही फिरवलं तरी मानेवर आडवं येणारच."

"मग नाही," ती म्हणाली. "मी नाही काढणार."

मला वाटलं तिला समजलं नाही. मी म्हटलं, "उद्या ऑपरेशनला तर काढतीलच."

"तेव्हा मी शुद्धीत नसेन. मला दिसणार नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांची आज भट्टीवर पाळी आहे. दोन वर्षांमागं तिथं भाजले होते. तू लहान आहेस, तुझं लग्न झालेलं नाही. तुला नाही कळायचं."

खरोखरच मला ते कळत नव्हतं. आवाज जाईल म्हणून घाबरणारी हीच बाई, आणि आवाज वाचवायचा रस्ता समोर असताना ती नको म्हणते. पण तिच्या जागी माझी आई असती तर तीही नकोच म्हणाली असती, हेही मला माहीत होतं.

तेव्हा आत्या बोलल्या. इतका वेळ त्या आमच्याकडे न बघता बसल्या होत्या. "तुझं तुटलं होतं मागं, तेव्हा काय केलंस?"

"तेव्हा हळकुंड बांधलं होतं."

"मग?"

"ते तुटलं होतं, आत्या. मी काढलं नव्हतं."

"गाठ घालायची आधी आणि मग काढायचं. गळा एक क्षण मोकळा राहत नाही. त्यात काय ते मोठं." त्या उठल्या. "मी आणते. शिवाजीनगरला मिळतं. तोवर हिला सोडू नका." आणि पिशवी घेऊन गेल्याही.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्या घरीही ही चाल असणार, कारण समजावून सांगावं लागलं नाही. ते फक्त म्हणाले, "आधी मेणाला बांधू."

आत्यांनी आणलेला पिवळा दोरा आणि हळकुंड डॉक्टरांनी हातात घेतलं, मेणाच्या मानेवर ठेवलं आणि अंगठीचं काढलं तितक्याच गंभीरपणे त्याचंही चित्र काढलं. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "आज्जी, आणखी थोडा वेळ," मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "असू दे. तुमच्या त्या बाईचंही होऊन जाऊ दे." दोऱ्याने काहीच झालं नाही. हळकुंडाची मात्र पुसट सावली आली. वाळलेलं हळकुंड जाड असतं. तेव्हा ठरलं की हळकुंड मानेच्या मागे ठेवायचं, पुढे नुसता दोरा.

अक्का टेबलावर बसली. डॉक्टर पलीकडच्या खोलीत गेले. तिने दोरा गळ्याभोवती घेतला, हात मागे नेले. आत्या म्हणाल्या, "मी हात लावायची नाही. केस तेवढे धरते." विधवा बाईने ही गाठ बांधायची नसते, हे तिघींनाही माहीत होतं. मी कुमारी, मलाही ती बांधायला कुणी सांगितलं नाही. अक्काने गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, सुटली. दोरा नवा होता, कडक, आणि मागची गाठ तिला दिसत नव्हती. तिसऱ्यांदा सुटल्यावर तिने हात खाली आणले आणि नुसती बसून राहिली.

आत्यांनी केस माझ्या हातात दिले. दोऱ्याची दोन टोकं घेतली, गाठ मारली, वर दुसरी मारली, ओढून पाहिली. हळकुंड मानेच्या मागे सरकवलं. मग त्यांनीच मंगळसूत्राचा फासा सोडवला, ते पदराच्या टोकात बांधलं आणि पदर कमरेला खोचला. अक्काने एकदा मागे वळून सासूकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? नीज की."

यंत्र सुरू झालं. मी कागदाजवळ उभी होते, डॉक्टर परत येऊन माझ्या मागे. वरच्या ओळी नेहमी कोऱ्या येतात. मग पंखांची वरची टोकं आली, टक, टक. मग हळूहळू मधला भाग. उजवीकडे खाली भोक असायचं ते जिथे सुरू होई, त्या ओळीवर यंत्र आलं तेव्हा हातोडा थांबतो की काय म्हणून मी ऐकत होते. तो थांबला नाही. त्या ओळीवर नाही, पुढच्या ओळीवर नाही, त्याच्या पुढच्याही नाही. डावीकडेही नाही. गाठीच्या जागी खुणा इतरांइतक्याच दाट आल्या, किंचित जास्तच. गाठ होती, पण ती आयोडीन घेत होती, इतर ग्रंथीसारखीच. पुसट रेघेसारखंही काही दिसलं नाही. पंख पूर्ण होते.

डॉक्टरांनी कागद सोडवून घेतला आणि मला काही न सांगता सर्जनकडे गेले. अक्का तशीच निजून होती. "झालं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि ते येईपर्यंत पुढे काही सांगितलं नाही. सांगावंसं फार वाटत होतं, पण तो माझा अधिकार नव्हता.

ते परत आले आणि म्हणाले, "उद्याचं रद्द."

अक्का उठून बसली. "कर्करोग नाही?"

"बहुतेक नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नाहीच असं म्हटलं नाही. "अशा गाठी सहसा निरुपद्रवी असतात. पण लक्ष ठेवायचं. अधूनमधून येऊन दाखवायचं. कापायची घाई नको, हे सर्जननाही पटलं."

आत्यांनी पदराची गाठ सोडली. अक्काने मंगळसूत्र घातलं, त्याचा फासा बसला का ते चाचपून पाहिलं, मग पिवळा दोरा सोडला. त्यानंतर काय झालं कोण जाणे, इतका वेळ दबलेलं सगळं तिच्यात एकदम वर आलं. ती टेबलावरून उतरून आमच्या दोघांसमोर उभी राहिली.

"काढून ठेवू का म्हणून मी आज सकाळी विचारलं होतं. विचारलं होतं की नाही?" ती मला म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळून तेच कानडीत. "तुम्हीच राहू दे म्हणालात. पहिल्या दिवसापासून राहू दे, राहू दे. तुम्हाला कळत नव्हतं तर आम्हाला आधी सांगायचं, की आम्हाला कळत नाही म्हणून. उद्या माझा गळा कापला असता तुम्ही. शाळेत मी मोठ्या बाईंना सांगून आले होते, माझा वर्ग दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. पोरांना सांगून आले होते. ती रडली. आता ती पोरं मी कशी परत मागू?"

पहिलीच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज होता. एक्स-रेच्या रांगेतली माणसं दारातून डोकावू लागली. तिने सकाळी विचारलं तेव्हा आम्ही काढायला सांगितलं असतं तर तिने काढलं असतं का, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण मी ते बोलले नाही, आणि आज वाटतं, ते बोलले नाही तेच बरं. डॉक्टरांनी दारातल्या लोकांना हातानेच जा म्हणून सांगितलं. आत्या म्हणाल्या, "पुरे गं," तरी ती थांबली नाही. तिचं बोलून होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहून ऐकत होतो.